बिनतोंडाचे अण्णा

प्रदर्शन सुरळीत पार पडलं असतं, तर त्या शनिवारी अंबादास येमूल यांना बरंच काही मिळणार होतं. कायम नोकरीचं पत्र मिळणार होतं. टॉवेलच्या कारखान्यातली पहाटेची पाळी सुटणार होती. सासरेबुवा चारचौघांत ‘आमचे जावई मास्तर आहेत’ एवढ्यावर न थांबता ‘कायम आहेत’ असं पुढे जोडणार होते. आणि स्टाफरूममध्ये त्यांना खुर्ची मिळणार होती. आजवर ते खिडकीच्या कट्ट्यावर बसत. त्यांना कट्टाच आवडतो, असं आम्ही बाकीच्यांनी ठरवून टाकलं होतं. खुर्ची द्यायची नसली की माणसाच्या आवडीनिवडी फार लवकर कळतात.

एवढं सगळं पदरात पडण्यासाठी त्यांनी एकच काम करायचं होतं. आठवीच्या मुलांकडून शाळेच्या संस्थापकांची चित्रं काढून घ्यायची होती.

“माळवदकर बाई, चला!” मुख्याध्यापक उमराणीकर सर माझ्या वर्गाच्या दारात उभे होते. गणिताच्या तासाला ते सहसा फिरकत नसत. “चला म्हणतो ना. घात झालाय.”

“काय झालं?”

“अण्णांना तोंड नाही.”

अण्णा म्हणजे आमचे संस्थापक. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्या दिवशी त्यांची जन्मशताब्दी होती. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब होनराव संस्थेचे अध्यक्ष. ते कुठल्याही क्षणी येणार होते.

चित्रकलेच्या हॉलमध्ये टेबलावर अण्णांचा मोठा फोटो हार घालून ठेवला होता. फोटोतले अण्णा सगळ्यांकडे बघत होते. भिंतीवरच्या चित्रांतले अण्णा कुणाकडेच बघत नव्हते. एका चित्रात ते छत्रीखाली होते. दुसऱ्यात वरून दिसणारा नुसता पटका आणि त्याभोवती पोरांचे हात. तिसऱ्यात उघडलेलं वर्तमानपत्र आणि त्याच्या दोन्ही कडांना बोटं. एकानं शाळेची पायाभरणी काढली होती: वाकलेले अण्णा, पाठच पाठ, आणि पाठ एवढी रुंद की तिच्यावरच शाळा बांधावी. एका मुलीनं तर उंबऱ्यातल्या चपला तेवढ्या काढल्या होत्या. त्यातली एक उलटी पडलेली, म्हणजे अण्णा घाईनं आत गेले होते.

मला चित्रातलं कळत नाही. पण खरं सांगते, घाबरायला मला उशीर झाला. आधी मी बघतच राहिले.

येमूल सर स्टुलावर चढून शेवटचं चित्र लावत होते. तोंडात खिळे होते.

“येमूल, हे काय आहे?”

सरांनी खिळे तळहातावर घेतले. “अण्णा आहेत, सर.”

“तोंड कुठंय?”

“या आठवड्यात तोंड नाही. नियम आहे.”

हा नियम काय, ते सांगायला हवं. आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली. वर्गात विणकरांची तेलुगू पोरं, कन्नड बोलणारी, उर्दू बोलणारी, मराठी, आणि रुळांपलीकडच्या वस्तीतली वडारांची पोरं. घरी नाना भाषा, शाळेत एक, आणि तीही कुणाच्या तोंडात पुरती न बसलेली. कुणाकडे रंगांची पेटी, तर कुणाकडे पेन्सिलीचं बोटभर थोटूक. येमूल सरांनी त्यावर एक पद्धत काढली होती. शनिवारचा तास सुटला की ते दारात वाकून उभे राहत. ज्याला चित्र काढताना काही अडत असेल, त्यानं जाता जाता सरांच्या कानात सांगायचं. सोमवारपासून ती अडचण सगळ्या वर्गाचा नियम. कुणाकडे एकच हिरवा खडू उरला, तर आठवडाभर सगळ्यांनी हिरव्यातच काढलं, टोमॅटोसुद्धा. श्रीलताचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, तर सगळा वर्ग डाव्या हातानं. काही अडचणी डोळ्यांना दिसत, काही फक्त सरांच्या कानाला ठाऊक असत. कुणाची, ते विचारायचं नाही.

“याला शिकवणं म्हणतात की खोड्या?” मी एकदा त्यांना विचारलं होतं.

“बाई, एकाचंच अडलं तर तो नुसता मागं पडतो,” ते म्हणाले होते. “सगळ्यांचं अडवलं की सगळे शोधायला लागतात. मग त्यात ज्याचं मुळात अडलंय, तो पुढं असतो. त्याला सवय असते ना.”

आता उमराणीकर सर घड्याळ बघत होते आणि घाम पुसत होते. “येमूल, गाडी येईपर्यंत तुम्ही स्वतः काढा तोंडं. तुमचा हात झरझर चालतो.”

“पाठीवर कुठं काढू, सर?”

मला हसू आलं. एकटीलाच आलं.

“मग निदान कोण बोललं तुमच्या कानात, ते तरी सांगा. आप्पासाहेबांना काही कारण द्यायला हवं.”

“नाव सांगत नाही, सर.”

“सांगायला कशाला हवं? कळतं आम्हाला. नदाफची मुलगी. त्यांच्यात चित्रात तोंड चालत नाही.”

“मी काही बोललो नाही.”

“मीही विचारलं नाही. मीच सांगितलं.”

उमराणीकर सर फाटकाकडे धावले. मी येमूल सरांजवळ गेले. “अहो, एक आठवडा नियम पुढं ढकलायचा होता. कायम व्हायची वेळ, आणि तुम्ही हे काय घेऊन बसलात?”

“नेमकी याच आठवड्यात गरज होती, बाई. चित्र अण्णांचं होतं म्हणूनच.” त्यांनी खिळे परत ओठांत धरले. म्हणजे विषय संपला.

फाटकात हॉर्न वाजला. आठवीचा वर्ग रांगेनं आत आणून बाकांवर बसवला. तरन्नुम नदाफ खिडकीजवळ बसली. तिच्या मागं मारुती, वडारवस्तीतला. तिसऱ्या रांगेच्या टोकाला रेवण होनराव. हा आप्पासाहेबांचा नातू. मी संध्याकाळी त्यांच्या बंगल्यावर त्याला गणित शिकवायला जात असे. त्याची आई वर्षापूर्वी भांडून विजापूरला माहेरी गेली होती, ती परतली नव्हती. त्या घरात गणित सोडून सगळं मोठ्या आवाजात बोललं जाई, तिचं नाव मात्र हळूही निघत नसे.

आप्पासाहेब आत आले. पांढरे कपडे, कपाळावर विभूती. फोटोला नमस्कार केला आणि भिंतीकडे वळले.

“हे कोण?”

“अण्णा, साहेब,” उमराणीकर सर म्हणाले.

“आन् हे?”

“अण्णाच.”

“ह्या चपला?”

“अण्णांच्या.”

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं. आप्पासाहेब वळले. “माझ्या बापानं ह्या शाळंसाठी डोक्यावर वाळू वाहिली. त्याला तोंड न्हाई? चोर होता काय बे तो, पाठ करून पळूलालाय?”

पंखा तेवढा कुरकुरत होता.

“साहेब, गैरसमज नको,” उमराणीकर सर पुढे झाले. “वर्गात सगळ्या समाजांची मुलं आहेत. काहींच्यात चेहरा काढणं वर्ज्य असतं. येमूलांनी त्यांच्या कलानं घेतलं. चुकलंच त्यांचं. पण मूळ कारण ते.” आणि त्यांची नजर खिडकीकडे गेली. त्यांच्या मागोमाग आप्पासाहेबांची गेली, मग सगळ्या वर्गाची.

तरन्नुम उभी राहिली. “सर, माझ्याबद्दल बोलताय का?”

“खाली बस.”

“बसते, सर. पण माझ्या अब्बांचा फोटो स्टुडिओ आहे. तोंडांवरच चालतं की आमचं घर.” तिनं टेबलाकडे बोट केलं. “तो फोटोपण अब्बांनीच मोठा केलाय. जुन्या फोटोत अण्णांचा डावा डोळा पार पुसला होता. अब्बांनी ब्रशनं काढला तो.”

वर्गातल्या सगळ्या माना एकदम हाराकडे वळल्या. आप्पासाहेबांचीही वळली. ज्या फोटोला रोज उदबत्ती लावत, त्याचा डावा डोळा नदाफांच्या हातचा आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं, तेही शाळेच्या पोरांसमोर.

“काढलेला वाटत न्हाई की,” मारुती मनापासून म्हणाला.

“गप बस!” उमराणीकर सर ओरडले.

आप्पासाहेब ओरडले नाहीत. मला त्याचीच भीती वाटली. ते ओरडत, तेव्हा विषय मिटे. आता त्यांचा आवाज खाली आला होता.

“मग कोण?”

ते बाकांच्या रांगांमधून चालू लागले. मारुतीजवळ थांबले. “तू?”

“न्हाई ओ साहेब. मला निस्तं तोंडच येतं. खालचं धड येत न्हाई.”

“तू गं?”

श्रीलतानं मान हलवली.

“तू?... तू?”

मी रेवणकडे पाहिलं. त्यानं पेन्सिलीचं टोक बाकात रोवलं होतं आणि दाबत होता. टोक मोडलं, तरी दाबतच होता. आप्पासाहेब त्याच्या रांगेत वळले. नातवाला विचारण्याचं त्यांच्या मनातही नव्हतं, ते त्याच्या पुढच्या मुलाकडे निघाले होते. पण रेवणनं दोन्ही हात बाकावर टेकवले. उठायच्या आधी मुलं टेकवतात तसे.

“आप्पासाहेब, मुलं घाबरलीत,” मी म्हटलं. “नंतर बघू या का?”

“तुम्ही थांबा, बाई.”

“कुणी नाही सांगितलं,” येमूल सर म्हणाले. ते टेबलाजवळून चालत येऊन बरोबर रेवणच्या बाकापुढे उभे राहिले होते. “नियम माझाच आहे.”

“कशासाठी?”

सर थांबले. उत्तर तयार नव्हतं, ते शोधत होते. मुलांनी चित्राच्या आधी शोधावं, तसंच.

“मला तोंडं काढता येत नाहीत.”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कारण हा माणूस उशिरा येणाऱ्या मुलाचं तोंड तो यायच्या आत फळ्यावर काढून ठेवायचा. मुलगा दारात यायचा आणि स्वतःलाच बघून ओशाळायचा. वर्गातलं एकही तोंड असं नव्हतं, जे एकदा तरी त्या फळ्यावर गेलं नव्हतं.

“येत नाहीत म्हणजे?” उमराणीकर सर म्हणाले. “इतकी वर्षं?”

“वेळच आली नाही. मडकी, फुलं, नक्षी. त्यावर भागलं. आता अण्णांचं चित्र आलं, मुलं म्हणणार, सर तुम्ही काढून दाखवा. म्हणून नियम केला.”

आप्पासाहेब त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग हसले. आल्यापासून पहिल्यांदा. “उमराणीकर, काय मास्तर ठेवलाय बे! गवय्या हाय, पण गळा न्हाई.” आणि हसू तसंच ठेवून म्हणाले, “काढा.”

“काय, साहेब?”

“माझं तोंड. फळ्यावर. आत्ता. बघू दे पोरांना.”

येमूल सरांनी खडू उचलला. आप्पासाहेब फळ्याशेजारी छाती काढून उभे राहिले. त्या हॉलमध्ये वाकडं काढणं किती अवघड असतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. सरांचा हात सवयीनं एक सुरेख वळण घेऊन खाली आला. त्यांनी ते तळव्यानं पुसलं आणि बटाटा काढला. बटाट्यावर दोन टिकल्या, मध्ये एक काठी. मिशी काढताना हात पुन्हा पळायला लागला, तर त्यांनी खडू डाव्या हातात घेतला. मुलांच्या माना त्या हातामागं फिरत होत्या. मारुतीनं बोलायला तोंड उघडलं आणि लगेच कळवळून मिटलं. तरन्नुमनं बाकाखालून मागं पाय नेऊन त्याचा पाय दाबला होता.

मग सरांनी कान काढला, आणि कानात चुकले. म्हणजे तो हुबेहूब आला. आप्पासाहेबांचा तो जाड, पाळी चिकटलेला कान, जसाच्या तसा.

“कान बरा जमलाय,” उमराणीकर सर डोळे बारीक करून म्हणाले.

आप्पासाहेबांचा हात स्वतःच्या कानाकडे गेला. सरांनी घाईनं त्या कानाभोवती खडू फिरवला, फिरवला, आणि त्याचं धान्य पाखडायचं सूप करून टाकलं. बटाट्याला सूप लटकलेलं.

“हे मी?”

“हो, साहेब.”

वर्ग हसायला हवा होता. इतकं वाईट चित्र बघून आठवीचं एकही पोर हसत नाही, ही गोष्ट शहाण्या माणसाच्या ध्यानात यायला हवी होती. पण आप्पासाहेब स्वतःच इतके हसत होते, की बाकीची शांतता त्यांना आदर वाटली.

“सोमवारपासनं येऊ नका,” ते म्हणाले.

“बरं,” येमूल सर म्हणाले आणि खडू ठेवला.

सगळे शिरा-चहाला गेले. मी मागं राहिले. सर चित्रं उतरवत होते, खिळ्यांना कागद फाटणार नाहीत अशा बेतानं.

“आता तरी सांगा,” मी म्हटलं. “कुणासाठी एवढं केलंत?”

त्यांनी पुढच्या चित्राचा खिळा उपटला. तेवढ्यात दारात रेवण आला. बाहेर गाडी सुरू झालेली ऐकू येत होती.

“सर, मी आजोबांना सांगतो.”

“काय सांगतोस?”

“मीच बोललो होतो तुमच्या कानात, ते.” त्यानं माझ्याकडे पाहिलं, थांबला, मग एका दमात सांगून टाकलं. “कुणाचं पण तोंड काढायला घेतलं की ते मम्मीचंच होतं. मला दुसरं येतच नाही. घरात तिचे सगळे फोटो काढून टाकलेत. मी काढलं की आजोबा फाडतात. परवा शेतकरी काढला, तोपण फाडला. मिशा काढल्या तरी ओळखतात.”

मी हाराखालच्या अण्णांकडे पाहिलं. शताब्दीच्या दिवशी, सगळ्या गावासमोर, भिंतीवर पटका बांधलेले अण्णा, आणि पटक्याखाली विजापूरच्या सुनेचं तोंड. येमूल सरांनी सगळ्यांची तोंडं का झाकली, ते मला तेव्हा कळलं.

“सांगितलंस तर काय होईल?” सरांनी त्याला विचारलं.

“तुमची नोकरी राहील.”

“नाही राहणार. आता सगळ्यांना माहीत झालंय, मला तोंड येत नाही.” त्यांनी फळ्यावरच्या बटाट्याकडे मान केली. रेवणला हसू आलं आणि रडूही. “आणि तुझं काय होईल?”

त्यानं बुटाचं टोक फरशीवर घासलं.

“एकाचं गेलंय. दोघांचं कशाला घालवायचं? जा, गाडी थांबलीय. घरी काढू नको. शाळेत काढ.”

“शाळेत तुम्ही नसणार.”

सरांनी हातातलं चित्र गुंडाळलं. हॉर्न वाजला आणि रेवण गेला.

पुढं नवे सर आले. ते छापील नमुन्यावरून चित्रं काढून घेत. ग्रेड परीक्षेत सगळा वर्ग पास झाला. उमराणीकर सरांना मुदतवाढ मिळाली. रेवणला मी दहावीपर्यंत शिकवलं. त्याच्या वहीच्या समासात मला कधी साधी रेघही दिसली नाही. मोठा झाल्यावर तो पुण्याला नोकरीला लागला आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर विजापूरहून आईला आणलं.

येमूल सर मला कितीतरी वर्षांनी भेटले. मुलीच्या लग्नाच्या आहेराला टॉवेल घ्यायला मी एका कारखान्याच्या दुकानात गेले, तर आत ते आलेखाच्या कागदावर टॉवेलच्या नक्षीचे चौकोन भरत बसलेले. खुर्चीवर.

“कसं चाललंय, सर?”

“बरं आहे की. इथं फुलंच असतात. तोंड कुणी मागत नाही.” मग त्यांनी एकेकाची चौकशी केली. रेवणचं ऐकून त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे वाया नाही गेलं, बाई. आणि ती आमची तरन्नुम? काय बोलली होती त्या दिवशी!”

“तुम्हाला माहीत नाही?” मी म्हटलं. “पोरगी उलट बोलते म्हणून आप्पासाहेबांनी शाळेचं फोटोचं काम नदाफांकडून काढून घेतलं. मग संस्थेच्या बाकीच्या शाळांचं, कॉलेजचं. वर्गांचे फोटो, ओळखपत्रं, गॅदरिंग, त्यावरच तर स्टुडिओ उभा होता. वर्षभरात बंद पडला. हुबळीला भावाकडे गेले सगळे. तरन्नुमचा दाखला मीच लिहून दिला.”

येमूल सरांच्या हातात पेन्सिल होती. ती तशीच राहिली.

“ते मी हिशेबात धरलं नव्हतं, बाई,” ते म्हणाले. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, “माझं मी धरलं होतं. तिचं धरलंच नव्हतं.”

मी टॉवेल घेतले आणि आले. पण त्या दिवसापायी कुणी काय दिलं, याची बेरीज केल्याशिवाय मला चैन पडत नाही. आप्पासाहेबांनी काही दिलं नाही. उमराणीकरांनी नाही, मीही नाही. रेवणनं चित्रकला दिली आणि आई मिळवली. येमूल सरांनी नोकरी दिली. ती त्यांची होती आणि त्यांनी ती जाणून दिली. नदाफांना कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही मोठी माणसं कुणी गप्प होतो, कुणी खोटं बोलत होतो. उभं राहून खरं बोलली ती त्यांची मुलगी. सगळ्यांत जास्त तिच्याच घरातून गेलं.